समोरच्याचा विमा

धडक त्यानं दिली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात ही साधी गोष्ट विसरायला होते, आणि ती कुणी विसरलं की युदेल्काला अजिबात खपत नाही.

सांतो दोमिंगो शहरातल्या विया कोन्सुएलो वस्तीतला चौक. भर दुपारची वेळ. वीज गेलेली, म्हणून सिग्नल मेलेला, आणि सिग्नल मेला की आमच्याकडे ज्याचा हॉर्न मोठा तो आधी जातो. युदेल्का आपली जुनी निळी गाडी घेऊन चौकात शिरली. या गाडीला ती गोर्दा म्हणायची, म्हणजे जाडी. गोर्दाच्या पोटात दुसऱ्या दिवशीच्या बाप्तिस्म्याचा तीन मजली केक होता. आत अननसाचा मुरांबा, वर पांढऱ्याशुभ्र साखरेच्या फेसाचे वळसे. सकाळपासून त्यावर ती राबली होती.

चौकाच्या मध्यावर आल्यावर मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. तिचा पाय ब्रेकवर गेला, मान मागे वळली. केक ठीक आहे ना, एवढंच बघायचं होतं. अगदी एक क्षण. आणि त्याच क्षणी डावीकडून एक पांढरा पिकअप आला आणि गोर्दाच्या मागच्या दारात घुसला.

केकचे वरचे दोन मजले सीटच्या पाठीवर जाऊन बसले.

युदेल्का उतरली ती हात कमरेवर ठेवूनच. "डोळे घरी ठेवून निघता का तुम्ही?"

पिकअपवालाही उतरला होता. उंच, सावळा, हाताला काळं ग्रीस, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. "तुम्हाला लागलं का?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारता? हिला विचारा."

आता कुणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. हा बाबा खरोखर गोर्दाकडे वळला, चेपलेल्या दारावर हात ठेवला आणि अदबीनं म्हणाला, "फार लागलं का हो तुम्हाला?"

युदेल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच वेळी, कुणास ठाऊक कसं, ओठांच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं. ते तिनं दातांखाली धरलं.

"माझी चूक," तो सरळ झाला आणि म्हणाला. "मी बघायला हवं होतं."

एव्हाना गर्दी जमली होती. संत्री सोलणारा हातगाडी सोडून आला होता, एक बाई डोक्यात रोलर लावलेल्या तशाच ब्युटी पार्लरमधून आल्या होत्या. सगळे एका सुरात, "आपसात मिटवा, पोरांनो, आपसात."

"मिटवायचं काही कारण नाही," युदेल्का मान ताठ करून म्हणाली. "माझा विमा फुल आहे. फुल. तुमचा काय आहे?"

"कायद्याचा," तो ओशाळून म्हणाला.

"वाटलंच मला."

कायद्याचा विमा म्हणजे सगळ्यात स्वस्तातला, पोलिसानं अडवू नये म्हणून काढतात तो. युदेल्कानं त्याच्याकडे पायातल्या बुटापासून तुटलेल्या बटणापर्यंत एकदा बघून घेतलं. बटणावर नजर जरा जास्त वेळ राहिली, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

आमच्याकडे अपघात झाला की पोलीस ठाण्याच्या बाकावर बसायचं नसेल तर विमा असलेल्यांनी 'चालकांचं घर' नावाच्या कचेरीत जायचं. तिथे पंखा असतो, कॉफी असते, विमा कंपनीचा वकील असतो, आणि दोघांचे जबाब लिहून घ्यायला पोलिसांचा एक सार्जंट बसलेला असतो. गोर्दाचं मागचं चाक तिरकं झालं होतं, तिला क्रेननं उचलून नेलं. पिकअपचा एक दिवा आणि नाकाड तेवढं गेलं होतं. पिकअप चालवण्याजोगा होता.

"चला, सोडतो," तो म्हणाला. "जायचं एकाच ठिकाणी आहे."

"मी पायी जाईन."

"केक घेऊन?"

केकचा खालचा मजला शाबूत राहिला होता. तो पुठ्ठ्यासकट हातात धरून ती उन्हात उभी होती, आणि साखरेचा फेस आता मनगटावरून ओघळायला लागला होता. ती पिकअपमध्ये जाऊन बसली. मागे मोठमोठ्या बॅटऱ्या रचलेल्या होत्या.

"बॅटऱ्या कसल्या?"

"इन्व्हर्टरच्या. घरोघरी बसवून देतो. मी नेफ्ताली."

"म्हणजे वीज गेली की तुमचं पोट भरतं."

"तसं म्हणा."

"आणि वीज गेली की माझा मिक्सर बंद पडतो, सिग्नल बंद पडतो, आणि तुमच्यासारखे येऊन ठोकतात. छान आहे. वीज मंडळाच्या खालोखाल तुम्हीच माझे वैरी."

"नाव कळलं असतं तर वैऱ्याला बरं वाटलं असतं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. दोन चौक गेल्यावर म्हणाली, "युदेल्का."

चालकांच्या घरी टेबलामागे एनेदिनाबाई बसल्या होत्या. चष्मा साखळीला, पंखा हातात, आणि समोरचा माणूस मंत्री असो की मजूर, सगळ्यांना "राणी" नाहीतर "राजा". त्यांनी युदेल्काचा विम्याचा नंबर संगणकात घातला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"राणी, तुझा कायद्याचाच आहे."

"चुकीचं दाखवतंय ते. माझा फुल आहे."

"संगणकाला कशाला खोटं बोलायचंय गं?"

युदेल्कानं तिथल्या तिथे रुफिनोकाकांना फोन लावला. रुफिनोकाका म्हणजे तिच्या भावाचे धर्मपिता, आईचे जुने स्नेही, आणि एका न्हाव्याच्या दुकानात कोपऱ्यात टेबल टाकून विमे विकणारे गृहस्थ. तिच्या गाडीचा विमा त्यांनीच काढला होता.

"काका, माझा विमा फुल आहे ना?"

"हो तर. कायद्याला जे जे लागतं ते सगळं आहे त्यात, पोरी. फुल."

"माझी गाडी दुरुस्त होईल का त्यातून?"

पलीकडे वस्तऱ्याचा आवाज येत राहिला. "तुझी... तुझी नाही होणार. समोरच्याची होईल."

"समोरच्याची कशाला होईल? पैसे मी भरतेय ना?"

"तूच म्हणालीस, पोलिसानं अडवू नये एवढं बघा. मी तेवढं बघितलं."

"आणि तुम्ही म्हणालात, पोरी, आता तुला पूर्ण संरक्षण आहे म्हणून!"

"तुला संरक्षण आहे असं म्हणालो. गाडीचं नाव मी घेतलं नव्हतं."

युदेल्कानं फोन ठेवला. आठवतंय तिला, नवा विमा घेतल्यावर काचेवर चिकटवायचा तो कागद मिळाला तेव्हा तिनं आईला फोन करून सांगितलं होतं, माझ्याकडे फुल आहे. सगळ्या गल्लीत सांगितलं होतं. आमच्याकडे चूक होते ती इथेच. ज्याला त्याला आपला विमा फुल वाटतो, आणि कुणाचा काय आहे हे धडकल्याशिवाय कुणी उलगडून बघत नाही. तिला रुफिनोकाकांचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकणाऱ्या त्या बॅटरीवाल्याचा आला.

"हसा," ती म्हणाली.

"मी हसत नाहीये."

"मनात हसताय."

"मनात मी घाबरलोय," नेफ्ताली म्हणाला, आणि त्याचा चेहरा बघता ते खरं वाटत होतं.

एनेदिनाबाईंची नजर केकवर गेली होती. "तो केक वितळायच्या आत कापायचा का? चाकू आहे माझ्याकडे. आणि बस इथे, तुला समजावून सांगते, तुझे काका काही सांगायचे नाहीत."

केक कापला गेला. वाट बघत बसलेले दोन टॅक्सीवाले, सार्जंट, कोपऱ्यातले वकील, सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. एनेदिनाबाईंनी एक तुकडा उचलून नेफ्तालीच्या बशीत ठेवला.

"हा कायद्याचा विमा. केक तुझा, पण तुकडा पाहुण्याच्या ताटात. तुझ्या चुकीनं दुसऱ्याची गाडी मोडली, दुसऱ्याला लागलं, की त्याला मिळणार. तुझ्या ताटात काही नाही. मग असतो अर्धा फुल. पाहुण्याला देऊन तुझ्याही ताटात थोडं पडतं. गाडी चोरीला गेली, जळाली, तर मिळतं. पण तूच ती भिंतीवर नेऊन घातलीस तर कंपनी काखा वर करते. आणि फुल म्हणजे पाहुण्यालाही आणि तुलाही, मग चूक कुणाची का असेना. त्यातही पहिला घास, म्हणजे खर्चाचा सुरुवातीचा वाटा, स्वतःच्या खिशातून भरायचा, हे सांगायला तुझे काका विसरतील, म्हणून मी सांगून ठेवते."

"म्हणजे मी आजवर परक्या लोकांसाठी पैसे भरत आले," युदेल्का म्हणाली. "ज्यांचं तोंडही बघितलं नाही त्यांच्यासाठी. ही कुठली पद्धत?"

नेफ्तालीनं बशीतला तुकडा बघितला. मग हळूच म्हणाला, "तसं बघितलं तर... मीही दरवर्षी तुमच्यासाठीच भरत होतो. फक्त नाव माहीत नव्हतं."

टॅक्सीवाल्यांपैकी एकानं खाकरून दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. युदेल्काच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"लाडात येऊ नका," ती म्हणाली. "केक खा."

पण आता गोष्ट सरळ होती आणि तिला ती नीट कळली होती. तिचा विमा गोर्दाला हात लावणार नाही. गोर्दा उभी राहायची असेल तर ती नेफ्तालीच्या विम्यातून, आणि तीही चूक त्याची ठरली तर. नाहीतर गोर्दा गेली. गोर्दा गेली की केक पोचवणं गेलं, आणि मग पूर्वीच्या बेकरीवाल्या मालकिणीकडे परत, जिथे तिनं बनवलेल्या केकवर दुसऱ्याचं नाव लागायचं. तिथून बाहेर पडून तिनं ही गाडी घेतली होती. तिच्या नावावर असलेली ती एकुलती एक वस्तू होती.

थोड्या वेळानं ती हात धुवायला मागे गेली. परत येताना बोळात तिला आवाज ऐकू आले. नेफ्तालीच्या विमा कंपनीचे वकील गळ्यातला टाय सैल करून त्याला समजावत होते.

"ती चौकाच्या मध्यात थांबली होती, हे तुम्ही आत्ता मला सांगितलंत ना? झालं तर मग. तेच जबाबात सांगायचं. निम्मी चूक तिच्यावर जाते, तुमच्या पिकअपचे पैसे तिच्या कंपनीकडून निघतात. आणि चूक माझी, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत."

नेफ्तालीनं मान खाजवली. मग म्हणाला, "बघतो."

बघतो. युदेल्का भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणजे त्यानं बघितलं होतं. ती मान वळवून थांबली होती, हे त्यानं बघितलं होतं आणि रस्त्यात इतक्या लोकांसमोर माझी चूक म्हणणारा हा माणूस आता टायवाल्यासमोर बघतो म्हणत होता. पुरुषांची जातच अशी, तिला वाटलं. उन्हात गोड बोलतात आणि पंख्याखाली आले की हिशेबाला बसतात. आणि आपण मूर्ख, त्याच्या बटणाकडे बघत बसलो.

सार्जंटनं तिला आधी आत बोलावलं. तिचा आवाज चढलेलाच होता. "मी माझ्या रस्त्यानं सरळ चालले होते," तिनं सांगितलं. "चौकात मी आधी शिरले. तो डावीकडून आला आणि त्यानं ठोकलं. लिहा." थांबल्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. तो सांगणारच आहे, मग मी कशाला, असं तिनं मनाला समजावलं. मनाला ते फारसं पटलं नाही.

मग नेफ्ताली आत गेला. दार बंद झालं. ती पाय हलवत बसली.

इथली रीत अशी की सह्या करायच्या आधी सार्जंट दोन्ही जबाब दोघांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतो. सगळे आत जमले. एनेदिनाबाई काही कारण नसताना दारात येऊन उभ्या राहिल्या. युदेल्काचा जबाब वाचून झाला. तिनं नजर जमिनीवर ठेवली होती.

मग सार्जंटनं नेफ्तालीचा कागद उचलला. "वीज नव्हती. सिग्नल बंद होता. बाईंची गाडी आधीच चौकात होती. मी ती वेळेत बघायला हवी होती, बघितली नाही. धडक माझ्याकडून बसली." सार्जंटनं कागद उलटा करून बघितला. "एवढंच आहे."

एवढंच होतं. थांबल्याचा उल्लेख नाही. त्याच्या वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला.

युदेल्काला हायसं वाटायला हवं होतं. गोर्दा वाचली होती. सही करायची आणि घरी जायचं. पण तिला हायसं वाटेना. पोटातून जो उठला तो संतापच होता, आणि आता तो कुणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं. तिनं पेन हातात घेतलं, कागदापर्यंत नेलं... आणि खाली ठेवलं.

"हे अपुरं आहे," ती म्हणाली.

"कुणाचा जबाब?" सार्जंटनं विचारलं.

"दोघांचा. मी थांबले होते. चौकाच्या मध्यात, मागे केक बघायला. लिहा ते."

"बाई," तिच्या बाजूचे वकील खुर्चीतून अर्धे उठले, "हे बोलायची काहीएक गरज नाही."

"तशी ती अगदी क्षणभरच..." नेफ्ताली म्हणायला लागला.

"तुम्ही मध्ये बोलू नका," ती त्याच्या अंगावर गेली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला? तुम्ही बघितलं होतंत मला थांबताना. मग बोलला का नाहीत?"

"तुमची गाडी..."

"माझी गाडी माझी मी बघेन. उद्यापासून किल्ली फिरवली की दर वेळी मला आठवणार, की ही गाडी एका माणसाच्या गप्प बसण्यावर चालतेय. मला नको तसली गाडी." तिचा आवाज मध्येच फुटला, आणि याचाही तिला राग आला. "आणि तुमचा पिकअप कोण दुरुस्त करणार होतं? तो काय हवेवर चालतो?"

"त्याचा विचार केला नाही," नेफ्ताली म्हणाला. तो तिच्याकडेच बघत होता. "तुम्ही हातात केक धरून उन्हात उभ्या होता. मला दुसरं काही सुचलंच नाही."

सार्जंटनं डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"इथे लोक एकमेकांच्या अंगावर चूक ढकलायला येतात," तो म्हणाला. "तुम्ही दोघं ती ओढून घेताय. मी लिहितो, पण हे माझ्या साहेबांना सांगायचं कसं?"

दारातून एनेदिनाबाई म्हणाल्या, "अरे, सोपं आहे. निम्मी चूक तिची, निम्मी याची. म्हणजे हिच्या विम्याचा तुकडा याच्या ताटात, आणि याच्या विम्याचा हिच्या. दोघांचाही कायद्याचाच आहे, दोघांनीही समोरच्यासाठीच काढलाय. आता समोर कोण आहे ते कळलं, एवढंच."

वकिलांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते गुपचूप उरलेल्या केककडे वळले.

दुरुस्तीच्या राहिलेल्या निम्म्या खर्चाचं काय करायचं, हे बाहेर पिकअपजवळ ठरलं. नेफ्तालीच्या गल्लीत गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकणारा एक होता, त्याच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस जवळ आला होता. आमच्याकडे पोरीचा पंधरावा लग्नासारखा करतात, त्याचा केक चार मजल्यांहून कमी चालत नाही. कामाच्या बदल्यात केक, असं त्याच्याशी बोलेन, नेफ्ताली म्हणाला. युदेल्का म्हणाली, बोला, पण किती मजले ते मी ठरवणार.

"अजून रागावला आहात?"

"अर्थात."

"मग घरी सोडतो. रागावलेल्या माणसानं बसची वाट बघू नये."

वाटेत तिला बाप्तिस्मा आठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी केक हवा होता आणि तिच्या गल्लीत वीज अजून आली नव्हती. अंडी फेटायची होती, साखरेचा फेस करायचा होता, आणि तो काही चमच्यानं होत नाही. ती दारात उभी राहून मिक्सरकडे बघत होती तेव्हा नेफ्ताली पिकअपमधली एक बॅटरी खांद्यावर आणि इन्व्हर्टर हातात घेऊन आत आला. विचारलं नाही, काही नाही. स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसला, तारा जोडल्या, आणि मिक्सर घरघरायला लागला.

"वैऱ्याकडून एवढं चालेल ना?"

"चालवून घेते," ती म्हणाली.

संध्याकाळ झाली. ओट्याशी ती, खाली पाटावर तो, अंडी फोडून देत. अंडी फोडायला त्याला येत नव्हती. कवचाचे तुकडे भांड्यात पडत होते, ती चिमटीनं काढत होती आणि कुरकुरत होती. एकदा त्याच्या नाकाला साखरेचा फेस लागला. ती सांगणार होती... मग सांगितलं नाही. तो तसाच गंभीर चेहऱ्यानं अंडी फोडत राहिला आणि ती पाठ फिरवून हसली.

तेवढ्यात सगळ्या गल्लीतून एकच ओरडा झाला, "लाईट आली!" पोरं रस्त्यात नाचायला लागली, शेजारचा रेडिओ मोठ्यानं सुरू झाला. आता बॅटरी काढून मिक्सर भिंतीतल्या प्लगला लावायला हवा होता. नेफ्तालीनं तारांकडे बघितलं. युदेल्कानंही बघितलं. दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही, आणि केक होईपर्यंत मिक्सर बॅटरीवरच चालला.

विमा कंपन्यांचं पुढचं काय सांगायचं? पैसे घेताना त्यांची माणसं घरी येतात, देताना फोनही उचलत नाहीत. युदेल्का रोज सकाळी फोन करायची. पुढच्या आठवड्यात, असं उत्तर मिळायचं. पुढच्या आठवड्यातही पुढच्या आठवड्यात. ती त्यांच्या कचेरीत जाऊन अशी काही बोलायची की बाहेरचा पहारेकरी तिला आपणहून खुर्ची द्यायला लागला. तोवर केक नेफ्तालीच्या पिकअपमधून जायचे. एका दिव्याचा पिकअप, इतका सावकाश, की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

"जरा जोरात चालवा ना," ती म्हणायची.

"मागे केक आहे."

"आज केक नाहीये. आपण परत चाललोय."

"हो, ते..." तो म्हणायचा, आणि वेग तसाच ठेवायचा.

तुम्हीचं तू कधी झालं ते कुणालाच आठवत नाही. बहुतेक भांडतानाच झालं असणार.

शेवटी दोन्हीकडचे पैसे आले. पत्रे ठोकणाऱ्यानं गोर्दाचं दार असं बसवलं की हात फिरवून कळू नये. नेफ्ताली तिला स्वतः चालवत घेऊन आला, दारात उभी केली, किल्ली युदेल्काच्या हातात दिली आणि तिथेच घुटमळला.

"आता तुला पिकअप लागणार नाही," तो म्हणाला.

"नाही."

"बरं झालं. म्हणजे... तुझं काम सुटसुटीत झालं."

"हो."

तो वळला. चार पावलं गेला. युदेल्का किल्ली मुठीत घट्ट धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. चौकात हा माणूस बघत नाही, ठीक आहे. पण इतके दिवस शेजारी बसून, अंडी फोडून, एका दिव्यावर सगळं शहर फिरवून याला अजून दिसत नाही, म्हणजे काय?

"नेफ्ताली," तिनं हाक मारली. "गाडीत बस."

"कुठे जायचंय?"

"भांडायला."

रुफिनोकाकांच्या न्हाव्याच्या दुकानात शनिवारची गर्दी होती. युदेल्का सरळ कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेली. काका तिला बघून जरा मागे सरले.

"पोरी, त्या दिवशी तू फोन ठेवलास, मला वाटलं..."

"जे वाटलं ते बरोबर वाटलं. मला तुमचा फार राग आलाय आणि तो पुढच्या वर्षीपर्यंत राहणार आहे. आता फुल काढायचाय. खरा फुल. पाहुण्याच्याही ताटात आणि माझ्याही. पहिला घास किती खिशातून जाईल ते आधी सांगायचं. आणि मी वाचल्याशिवाय सही करणार नाही."

काकांनी निमूट कागद काढला. गाडीचा नंबर लिहिला, रंग लिहिला. मग पेन थांबलं. "तुझ्याशिवाय गाडी आणखी कोण चालवणार? नाव लिहावं लागतं. नाहीतर त्याच्या हातून काही झालं तर कंपनी हात वर करील."

वस्तरा चालू होता, पंखा चालू होता, दाराशी नेफ्ताली पायाच्या बोटांकडे बघत उभा होता. इतक्या लोकांसमोर असं काही बोलायची वेळ युदेल्कावर कधी आली नव्हती.

"नेफ्ताली," ती म्हणाली. "लिहा. कायमचा."

वस्तरा थांबला. खुर्चीतल्या गिऱ्हाईकानं फेसाळलेलं तोंड वळवून बघितलं. दाराशी उभ्या नेफ्तालीनं मान वर केली, आणि या वेळी त्यानं नीट बघितलं. मग तो टेबलापर्यंत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. त्याचा हात तिच्या हाताला लागत होता. दोघांनीही तो काढला नाही.

रुफिनोकाकांनी चष्मा पुसला, संगणकात नाव घातलं आणि मान हलवली. "हप्ता वाढेल हं, पोरी. याच्या नावावर एक धडक दिसतेय."

"माझ्याही नावावर आहे," युदेल्का म्हणाली. "तीच."